थोरल्या प्रमुखाचा दंड

फुआतिनो आमच्या गावची प्रवाळराखीण. घराण्यांच्या प्रमुखांनी समोरचा प्रवाळपट्टा तीन वर्षं मासेमारीला बंद केला, तेव्हा वॉशिंग्टनहून अनुदान आलं. त्यातून एक फलक, एक शिट्टी आणि फुआतिनोचा पगार निघाला. फलक पहिल्याच वादळात गेला.

नोकरी वाईट नव्हती, भानगड दंडाची होती. आमच्याकडे चोरी एकाने केली तरी दंड सगळ्या घराण्याला बसतो, आणि फुआतिनोच्या नात्यात नाही असं घर गावात शोधून सापडायचं नाही. दीर पकडला, डबाबंद मासळीची खोकी भरा. मावशी पकडली, परत खोकी. पगार यायचा आणि खोक्यांत जायचा.

"जरा आंधळी हो की!" नवरा म्हणायचा. "सरकार काय समुद्रात डोकावतंय?"

सरकार डोकावणारच होतं. बंदी पाळली जाते का ते बघायला राजधानीहून, पागो पागोहून माणूस येणार होता. नाहीतर अनुदान बंद. आणि गावात वेगळीच कुजबूज चाललेली. "दिराला धरते काय? बापाला धरून दाखव म्हणावं!"

बाप म्हणजे तालिआऊ, गावचा थोरला प्रमुख. बंदीचा ठराव त्यानेच मांडला होता, फार सुंदर भाषण करून. पण डब्यातली मासळी त्याच्या घशाखाली उतरत नसे. एका शनिवारी भर दुपारी, ओहोटीला, तो पट्ट्यात गुडघाभर पाण्यात उभा होता. हातात ऑक्टोपस.

फुआतिनोने शिट्टी फुंकली.

"बोंबलतेस काय!" तालिआऊ म्हणाला. "अर्धा तुला. नारळाच्या रसात शिजव."

"बाबा, सभेत चला."

"बापाला नेणार?"

"तुम्हीच नेमलंय मला."

"मग आजपासून तू माझी कोणी नाहीस," असं म्हणून तो पुढे चालू लागला. ऑक्टोपस काही त्याने सोडला नाही.

प्रमुखांच्या सभेने एक मोठं डुक्कर दंड ठोठावला. घराण्यात तेवढं मोठं डुक्कर एकच, फुआतिनोने पोसलेलं. तिने मुकाट्याने दिलं, आणि माझ्या स्वयंपाकघरात येऊन ढसाढसा रडली. डुकरासाठी नव्हे, बापाच्या त्या शब्दासाठी. सभेत म्हणे एक जण उठून बोलला, थोरल्यांनी मुद्दाम स्वतःला पकडवून घेतलं, गावाला धडा मिळावा म्हणून. तालिआऊने गंभीरपणे मान डोलावली. खोटं बोलला असं म्हणता यायचं नाही, कारण तो बोललाच नाही. मात्र त्या दिवसापासून पट्ट्यात पाय टाकायची कुणाची छाती झाली नाही.

दंडाचं डुक्कर प्रमुखांतच वाटतात, मानाप्रमाणे. पहिला वाटा थोरल्याचा, मग तो गुन्हेगार का असेना. तालिआऊने आपला वाटा चाखलासुद्धा नाही. केळीच्या पानात गुंडाळला, किनाऱ्यावर गेला आणि पहाऱ्यावर बसलेल्या लेकीच्या पुढ्यात ठेवला.

"घे. आपलंच डुक्कर आहे. लोकांनी का खावं सगळं?"

"मी तुमची कोणी नाही ना?"

"नाहीसच," म्हणत तो तिच्या शेजारी वाळूत बसला. "मीठ बरोबर आहे का बघ."

फुआतिनोने पाण्यावरची नजर न काढता घास घेतला. डोळे भरून आले होते, पण पुसले नाहीत. ती ड्यूटीवर होती.