पाच बोटं कुंकू

१ ऑक्टोबर, खंडेनवमी. सकाळपासून अवजारं धुतेय. खुरपी, विळे, फवारणीचा पंप, ट्रॅक्टरचे पाने. सगळं ओसरीत मांडून झालं की आमचे हे एकेकाला हळदकुंकवाची बोटं लावतात. त्यांच्या तावडीतून काही सुटत नाही, एका वर्षी मिक्सरलाही लावली होती. ओळीत मुलीचं धनुष्य तेवढं नाही. ती क्रीडा वसतिगृहात असते आणि धनुष्य तिच्याजवळ. दोन वर्षांपूर्वी ते याच ओळीत होतं, आणि यांच्या बोटांपायी तिचं वसतिगृह हुकता हुकता राहिलं.

तेव्हा ती नववीत होती. सोयाबीन निघालं की मोकळ्या रानात भुसा भरलेली पोती रचून ती नेम धरायची. पलीकडे कापूस उभा. चुकलेला बाण नेमका त्यात शिरायचा. संध्याकाळी आम्ही दोघी वाकून ओळीओळीनं शोधायचो. वेचणीच्या बाया ओरडायच्या, "अगं ए, कापूस वेचायलीस का बाण?" बाण सापडेपर्यंत तिच्या शाळेतल्या सगळ्या बातम्या मला कळायच्या. एरवी ती घरात तोंड उघडत नसे. बाण हरवले की मला राग यायचा, पण शोधायला मीच आधी निघायचे.

दसऱ्यानंतरच्या रविवारी पोखर्णीला पारंपरिक धनुष्यांची स्पर्धा होती. वसतिगृहाचे प्रशिक्षक येणार होते आणि बांबूच्या गटातून दोन मुली निवडणार होते. बाकीच्या गटांतून एकही नाही. पोरीनं वर्षभर त्यासाठीच रान तुडवलं होतं.

गट कसे पाडतात ते मी तिच्यामुळे शिकले. धनुष्य एकसंध बांबूचं किंवा लाकडाचं असेल, बाणही बांबूचे असतील आणि बाण टेकवायला मुठीवर खाच नसेल, तर पहिला, म्हणजे बांबूचा गट. लाकडाचे आणि फायबरचे थर चिकटवलेलं असेल तर दुसरा. खाच, टेकण, नेम धरायची खूण, असं काहीही असेल तर मोकळा गट. मोकळ्या गटात बांबूचं धनुष्य घेऊन उतरणं म्हणजे बैलगाडी घेऊन मोटारींच्या शर्यतीत जाणं.

तपासणीच्या टेबलावर एक निवृत्त पी.टी. शिक्षक बसले होते. त्यांनी धनुष्य उन्हात धरलं, अंगठा फिरवला आणि मुठीच्या वर थांबले. तिथं कुंकवाचे पाच ठिपके होते, एकाखाली एक. धनुष्याचं पातं एवढं अरुंद, शेजारी शेजारी बोटं उमटणार कुठं?

"ह्या खुणा कशाच्या?"

"कुंकू आहे, सर," मुलगी म्हणाली.

"उभ्या ओळीत? लांबच्या निशाण्याला खालचा ठिपका, जवळच्याला वरचा. आम्हीही पोरं शिकवलीत, बाई. मोकळ्या गटात जा."

हे पुढं सरसावले. "सर, खंडेनवमीची पूजा हाय ती. आमच्या ट्रॅक्टरला बी पाचच बोटं हायेत. चला, दाखवतो."

"ट्रॅक्टर कोणत्या गटात उतरवताय?"

रांगेतले सगळे हसले. हेही हसले. मुलगी मात्र हसली नाही. तिचा खालचा ओठ आत गेला होता, लहानपणी लस टोचताना जायचा तसा.

माणूस चुकीचं बोलत नव्हता. नियम सगळ्यांना सारखा. त्यांनी सांगितलं, खुणा काढून आणा, पुन्हा बघतो. आम्ही रुमाल ओला करून घासला. पण बांबूला तेल पाजलेलं, त्या तेलात कुंकू मुरलेलं. निघेना. एकानं पॉलिश पेपर पुढं केला. मुलीनं धनुष्य छातीशी धरलं. "न्हाई. पाठीची साल खरवडली की बांबू तडकतो."

"मग पुसायचं कसं?" हे म्हणाले.

"तुमीच सांगा की. तुमीच लावलंय."

बापाशी ती असं पहिल्यांदाच बोलली. ह्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

मी टेबलापाशी परत गेले. "सर, रंगवलेलं धनुष्य चालतं का?"

"एकसारखा रंग असेल तर चालतो. नेम धरायला ठिपका नको, रेघ नको."

नरसिंहाच्या देवळासमोर कुंकवाची दुकानं लागलेलीच असतात. मी पुडी आणली, नारळाच्या दुकानातून खोबरेल घेतलं आणि लिंबाखाली बसून मूठ सोडून अख्खं धनुष्य वरपासून खालपर्यंत माखलं. एक हात दिला, ठिपके दिसत होते. दुसऱ्या हाताला बुजले. ह्यांना म्हटलं, तुम्ही हात लावू नका.

"मम्मी, सगळे बघायलेत."

"बघू दे. दोरी पूस कोरडी, घसरेल."

सरांनी धनुष्य पुन्हा उन्हात फिरवलं. सगळीकडून पाहिलं, बोट घासलं, लाल झालेलं बोट स्वतःच्या रुमालाला पुसलं. मुठीवर तपासणीचा शिक्का मारला आणि म्हणाले, "बांबू गट. जा. आणि पुढच्या वर्षी नवऱ्याला ट्रॅक्टरपाशीच थांबवा."

ती नेम धरायला उभी राहिली. पहिले दोन बाण खाली गेले. तेवढ्यात मी मनात तिला घरी आणून दहावीच्या क्लासला घातलंही होतं. मग तिनं श्वास सोडला, पाय पुन्हा रोवले आणि निशाण्याच्या मधल्या पिवळ्यात बाण लागायला लागले. दोरी सुटताना कुंकू उडून तिच्या गालावर, कपाळावर, पांढऱ्या शर्टावर बसत होतं. प्रशिक्षकांनी निवडीत दुसरं नाव तिचं घेतलं. हे एवढ्या जोरात ओरडले की देवळाकडची माणसं बघायला आली.

घरी येताना गाडीत ती ह्यांच्या खांद्यावर झोपली. ह्यांचा सदरा लाल झाला, पण त्यांनी तिला हलवलं नाही. दिवाळीनंतर ती जाणार हे तिघांनाही कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या गाडीनं सेलूला गेले आणि तिला वसतिगृहात न्यायला कुलूप लावता येईल अशी एक पत्र्याची पेटी घेतली. दुकानदाराला झाकण चारदा उघडून मिटून दाखवायला लावलं. मग ती पेटी डोक्यावर घेऊन स्टेशनवर येऊन बसले.