देवीनं मोकळं ठेवलेली पोर

भादव्यात नागपुरात माणूस शिजतो. धड पाऊस नाही, धड ऊन नाही. पंखा पाचवर, कूलर अजून खिडकीत, आणि तरी पाठीवरून घामाची धार. अशा एका दुपारी माझी नात जाड स्वेटर घालून, पाय पोटाशी घेऊन पलंगावर बसलेली मला दिसली.

"आजी, पंखा बंद कर ना. थंडी वाजून राहिली."

मी पंखा बंद केला आणि तिचा हात हातात घेतला. बोटं गार, नखं जांभळट. मनगटाच्या वर बारीक भुरी लव उगवली होती, तान्ह्या बाळाच्या पाठीवर असते तशी. ती लव मी ओळखली. पन्नासेक वर्षांपूर्वी ती माझ्या हातावर होती. माझ्या घामाचा तिथल्या तिथे बर्फ झाला.

तिनं हात सोडवून घेतला. "काय बघून राहिलीस?"

"काही नाही. जेवलीस?"

"आज गुरुवार आहे ना."

काल चतुर्थी होती. सोमवार तर सोमवारच. शनिवार तिनं नवीन धरला होता. उन्हाळ्यापासून पोरीचे उपास वाढत चालले होते, आषाढीपासून तर तिनं चातुर्मासच घेतला होता, आणि उपासाला साबुदाण्याची उसळसुद्धा नाही, नुसतं पाणी. माझी सून फोनवर मैत्रिणींना सांगायची, "आजकालच्या मुली पिझ्झा खातात, आणि आमची बघा! इंजिनियरिंगला आहे, पण देवाचं किती करते." पलीकडून कौतुक यायचं. दाराआड उभी राहून पोर ते ऐकायची. कौतुकाच्या प्रत्येक शब्दाला तिचा गाल आणखी थोडा आत जायचा, असं मला वाटायचं.

मला हे दिसलं कारण ही चोरी मीच शोधून काढली होती. निदान त्या वयात मला तसं वाटायचं. अक्कल नव्हती, पण गर्व भरपूर होता.

मी गोल होते. माझे काका मला लोणच्याची बरणी म्हणायचे आणि मी हसायचे, कारण मला लोणचं आवडायचं. मग एक स्थळ पाहायला आलं. मुलाची आत्या मला वरपासून खालपर्यंत बघून पोह्यांची बशी बाजूला ठेवत म्हणाली, "पोरगी खात्यापित्या घरची दिसते." एवढंच. नकाराची चिठ्ठी चार दिवसांनी आली. मुलगा म्हणाल तर स्वतः वाळक्या भेंडीसारखा होता, कान तेवढे मोठे. त्या कानांसाठी मी मरायला निघाले. आज आठवलं की स्वतःच्याच टाळक्यात लाटणं घालावंसं वाटतं.

आमच्या घरी ताट बाजूला सारलं तर पाठीत धपाटा मिळायचा, पण उपास आहे म्हटलं की तोच हात डोक्यावरून फिरायचा. हे मला कळलं आणि मी देवामागे लपले. सोळा सोमवार धरले. ते संपायच्या आत शुक्रवार, मग एकादशी, मग शनी. तेहेतीस कोटी देव आणि वार सातच. मला वार कमी पडायला लागले. घरात आरसा वीतभर, त्यात एका वेळी एकच गाल दिसायचा. म्हणून मी बांगड्यांनी मोजायचे. बांगडी दंडावर किती वर चढते ते रोज पाहायचे. कोपराच्या वर चढली त्या दिवशी मी परसात एकटीच फुगडी घातली आणि चक्कर येऊन तुळशीच्या कुंडीवर आपटले.

मग पाळी बंद झाली.

शहाण्या घरानं घाबरायला हवं होतं. आमचं घर खूश झालं. महालक्ष्म्या जवळ आल्या होत्या. सोवळ्यातला स्वयंपाक, सोळा भाज्या, पुरण, आंबील. आणि दरवर्षी ऐन वेळी कोणी ना कोणी बाजूला बसायची. आईनं माझं ऐकलं आणि हात जोडले. "देवीनं पोरीले मोकळं ठेवलं वं! तिच्याच हातचं पुरण पाहिजे तिले." चाळीस माणसांचं पुरण मी शिजवलं, वाटलं, आणि बोटसुद्धा चाटलं नाही. चुलीपुढे डाळीचा कट ओतताना डोळ्यापुढे अंधार आला. भांडं पायावर आणि मी भुईवर.

शुद्ध आली तेव्हा कपाळावर कुंकवाचा मळवट होता आणि बायका भोवती बसल्या होत्या. "अंगात आलं! महालक्ष्मी आली वं पोरीच्या अंगात!" मी "पाणी" म्हटलं, तर एकीनं त्याचा अर्थ लावला की नळ येणार. माझी धाकटी बहीण पायावर डोकं ठेवून विचारत होती, "मी मॅट्रिक पास होईन का?" पाय भाजून निघालेला, त्यावरच तिचं डोकं. मी कळवळून "हो, हो" म्हणाले.

यातली सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट अजून सांगितली नाही. मला ते आवडलं. बरणीच्या पाया पडायला बायका रांगेत उभ्या होत्या. पुढे महिनाभर मी जवळजवळ काही खाल्लं नाही. देवी कुठे खाते?

या फुशारकीचं पुढे काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण लांबवण्यासारखं त्यात काही नाही. लग्न झालं. पहिलं बाळ राहिलं नाही. दुसरंही नाही. डॉक्टर म्हणाले, अंगात काही नाही, आधी खा. सासूबाईंनी डिंकाचे लाडू भरवून भरवून मला माणसात आणलं तेव्हा कुठे मुलगा झाला. आणि पन्नाशीत, बाथरूममध्ये जरासं घसरले तर खुब्याचं हाड खडूसारखं मोडलं. दवाखान्यात मला पुसायला येणाऱ्या नर्सला मी म्हटलं, "माफ कर बाई, मांडी फार जड आहे." ती हसली. "मावशी, ही गादी होती म्हणून दुसरं हाड वाचलं." तोवर मी माझ्या मांडीला कधी कोणाचा चांगला शब्द ऐकवला नव्हता. त्या दिवसापासून मी तिला नावं ठेवणं सोडलं. पोट, दंड, हनुवटीखालची झोळी, सगळ्यांनाच हळूहळू घरात घेतलं.

पण हे मी कोणाला सांगितलेलं नव्हतं. अंगात आल्याची गोष्ट माहेरी अजून हात जोडून सांगतात, आणि मी गप्प बसत आले.

महालक्ष्म्यांच्या आधी तीन दिवस सून औषधाच्या दुकानातून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेऊन आली. आमच्याकडे आता तीच रीत आहे. तिनं एक पाकीट नातीपुढे ठेवलं.

"मला नको, मम्मी. माझी येतच नाही."

"म्हणजे?"

"चार महिने झाले. टेन्शननं असेल. चांगलंच आहे ना?"

मी भाजी निवडत होते. सुनेच्या एका हातात सोळा भाज्यांची यादी, दुसऱ्यात फोन. ती क्षणभर थांबली, मला वाटलं आता कळेल. ती म्हणाली, "बरं झालं बाई, देवीचीच कृपा. मग पुरण तुझ्याकडे."

मागून माझी आईच बोलली की काय असं वाटून मी मागे वळून पाहिलं.

त्या संध्याकाळी मी सुनेला गाठलं. "पोरीला डॉक्टरकडे ने. ती उपाशी मरून राहिली."

"आई, काहीही काय बोलता? देवाधर्माचं करते तर तेही बघवत नाही का?"

मुलगा म्हणाला, सण होऊ दे, मग बघू. नातीच्या खोलीत जाऊन काहीतरी खा म्हटलं तर तिनं ऐकलं न ऐकलंसं केलं. "तुमच्या वेळचं वेगळं होतं, आजी." तेव्हाच मी खरं सांगायला हवं होतं. जिभेवर आलं होतं. पण नातीपुढे मूर्ख ठरायची मला लाज वाटली. सत्तरी उलटली तरी ती बरणी अजून आपली अब्रू सांभाळत होती.

जेवणाचा दिवस आला. हॉलमध्ये दोघी महालक्ष्म्या उभ्या, त्यांच्यापुढे फराळ, फुलोरा, चाळीसेक माणसं. आत नात सोवळ्याचं रेशमी नेसून पुरण ढवळत होती. ब्लाउज मागून चार पिना लावून आवळलेला, आणि पिनांच्या मधून मणक्याचे मणी एक-एक मोजता येत होते. मी सोवळ्यात नव्हते. दारात खुर्ची टाकून बसले होते आणि तिचे पाय पाहत होते. डावा पाय उजव्यावर घासला. मग गुडघे जरा वाकले. हात ओट्याची कड शोधायला लागला.

"गॅस बंद कर!" मी ओरडले. तोवर ती पडली.

बायका धावल्या. आणि माझ्या धाकट्या बहिणीनं, त्याच मॅट्रिकवालीनं, दोन्ही हात जोडले. "अंगात आलं! ताई, तुझ्यासारखंच वं! कुंकू आणा!"

एकीनं करंडा उचललासुद्धा.

मी काठी टाकली आणि होते तशी, पायातल्या चपलांसकट, सोवळ्याच्या स्वयंपाकघरात शिरले. कोणीतरी "आई, चपला!" म्हणालं. मी गॅस बंद केला, पोरीचं डोकं मांडीवर घेतलं. "अंगात कोणी आलेलं नाही. तिच्या पोटात अन्न नाही. त्या वर्षी माझ्याही नव्हतं."

बहिणीचे जोडलेले हात सुटले. "म्हणजे ते...?"

"उपाशी होते. बारीक व्हायचं होतं."

"पण मी पास होईन म्हणालीस!"

"भाजलेल्या पायावर तू डोकं घासून राहिली होतीस. आणि झालीस का पास?"

"दोनदा नापास झाल्या," तिची सून मागून पुटपुटली. कोणी हसलं नाही. माझी सून मात्र खाली बसली होती. तिनं लेकीचा स्वेटर नसलेला हात पहिल्यांदाच हातात घेतला होता, आणि ती त्या लवेकडे पाहत होती.

नातीनं डोळे उघडले. मी वाटीत आंबील घेतली. नैवेद्य दाखवायचा राहिला होता. देवीच्या आधी उष्टावायचं म्हणजे आमच्या घरात पाप. मी पळी तिच्या ओठांना लावली. तिनं ओठ घट्ट मिटले. त्या आंबिलीकडे ती अशी बघत होती जसं कोणी विहिरीच्या काठावरून खाली बघतं. मला तेव्हा खरी भीती वाटली. पडण्याची नाही, या मिटलेल्या ओठांची.

सून रडत म्हणाली, "उघड ना बेटा." पोरीनं मान फिरवली. तिला त्याच दुपारी गाडीत घालून दवाखान्यात नेलं. महालक्ष्म्यांपुढे नैवेद्य कोणी दाखवला, मला माहीत नाही.

सलाईन लागलं. हृदयाचे ठोके फार हळू पडतात, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. वेळेत आणलं, पण लांबचं काम आहे. वजनाशी नाही, मनाशी लढाई आहे, महिने लागतील, कधी वर्षं. सुनेनं घरातलं वजनाचं यंत्र कपाटात कुलपात ठेवलं आणि देवघरातली उपासांची यादी फाडली. देवाचा काही राग दिसला नाही.

आता दुपारचं जेवण ती माझ्यासमोर जेवते, हे ठरलं आहे. मी तिला माझ्या मूर्खपणाच्या गोष्टी सांगते, कुंडीवर आपटले ते, कानवाला नवरदेव. कधी हसते. कधी अजिबात नाही. बाळांबद्दल तिनं एकदाच विचारलं आणि मी खरं सांगितलं.

काल अर्धी पोळी झाल्यावर तिचा डावा हात ओढणीखाली गेला. मी पाहिलं. तिनं मी पाहिलेलं पाहिलं.

"तू जा ना आजी. झालं माझं."

"नाही जात."

"किती वेळ बसशील?"

"बसते."

मग तिनं ओढणीखालून पोळीचा चुरगळलेला तुकडा काढला आणि ताटात ठेवला. तोंडात नाही, ताटात. आम्ही दोघी त्याच्याकडे पाहत बसलो. भाजी गार झाली. मी ती गरम करून आणायला उठले नाही.