मलाच सुचलेलं वाक्य

बी.ए.च्या शेवटच्या वर्षी आमचे इंग्रजी साहित्याचे सर वर्गात आले आणि म्हणाले, "मी आता इंटरनेट शिकलोय." आम्ही हसलो. "तुमच्या प्रत्येकाच्या प्रोजेक्टमधलं एक वाक्य मी तिथे शोधणार. सापडलं तर शून्य, आणि घरी फोन." मग कुणी हसलं नाही.

मला खरं तर घाबरायचं कारण नव्हतं. अर्धा वर्ग नया नगरच्या सायबर कॅफेतून छापील पानं आणून उतरवत होता. मी मात्र प्रोजेक्टला नेमलेली इंग्रजी कादंबरी, लायब्ररीतली फाटकी प्रत, डिक्शनरी मांडीवर घेऊन दोनदा वाचली होती. मराठी माध्यमातली ना मी! वाचताना मला एक गोष्ट दिसली आणि ती दिसल्याचा मला भयंकर गर्व होता. कादंबरीतली आई कधी बसतच नाही. बाकीचे जेवतात, भांडतात, ही उभीच. ज्या दिवशी ती पहिल्यांदा खुर्चीत बसते, त्या दिवशी ते घर मोडतं. आमच्याकडे आईचा चहासुद्धा ओट्याशी उभ्यानेच व्हायचा, म्हणून मला ते दिसलं असावं.

प्रोजेक्ट जमा झालं होतं. तरी एकदा खात्री करावी म्हणून कॅफेत गेले, माझंच वाक्य टाइप केलं आणि थांबले. पान वरून खाली सावकाश उघडत गेलं. परदेशातल्या मुलांसाठी कुणीतरी काढलेल्या नोट्स होत्या. त्यात चौथा मुद्दा: आई बसत नाही, आणि बसते तेव्हा घर मोडतं.

मी तो मुद्दा पुन्हा वाचला. तेवढ्यात कॅफेवाला मागून म्हणाला, "बी.ए.वाली हो ना? टाइप काय को करती हो? ये पेज निकाल के रखा है. तुम्हारे कॉलेज के सब यही ले जाते हैं." आणि त्याने कौतुकाने गठ्ठाच समोर धरला.

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, पण इथे तर संन्यासी चोरांच्याच रांगेत उभा होता. माझ्यावर विश्वास कोण ठेवणार? वर्गात तोंड उघडताना माझं इंग्रजी अडखळायचं, आणि मला म्हणे हे सुचलं! बाबांना मी कॉमर्स करायला हवं होतं. "साहित्य घे, पण कॉलेजातून एक तक्रार आली, तर कॉलेज बंद, दुसऱ्या दिवसापासून बँकेच्या परीक्षेचा क्लास," असं त्यांनी बजावलं होतं, आणि बाबा बोलले ते करायचे.

त्या आठवड्यात घरचा फोन वाजला की मी न्हाणीघरातूनही धावत यायचे. "कुणाचा येणारे गं एवढा?" बाबा विचारायचे. "मैत्रिणीचा," मी म्हणायचे. त्याहून वाईट म्हणजे माझा माझ्यावरचाच विश्वास उडत चालला होता. कँटीनमध्ये कुणी बोलताना हे कानावर पडलं असेल का? मी विसरले असेन का? चार दिवसांनी मला शपथेवर सांगता आलं नसतं.

शेवटी सरांनी बोलावलं. टेबलावर माझं प्रोजेक्ट उघडं होतं.

"हे कुठून आणलंस?"

"मला दिसलं, सर."

"अर्ध्या वर्गाला दिसलंय."

आईच्या चहाचं सांगायचं ठरवून गेले होते, पण डोळ्यांतून पाणीच यायला लागलं. सर वैतागले, मग जरा नरमले. "बरं, रडू नकोस. या कादंबरीतलं अजून काहीतरी सांग, तुला एकटीला दिसलेलं. मी शोधतो. नाही सापडलं तर तुझं खरं."

कुठून कोण जाणे, मी बोलले. त्या घरी येणारं प्रत्येक माणूस फाटकातून हाक मारतं, दार कुणीच वाजवत नाही. पहिल्यांदा दार वाजतं, तेव्हा मुलगा गेल्याची बातमी येते.

सर टेबलावरच्या कॉम्प्युटरवर एका बोटाने टाइप करू लागले. पान उघडायला वेळ लागत होता.

मी साहित्य घेतलं होतं ते एकाच सुखापायी. आपल्या मनातलं, कुणाला न सांगितलेलं, कधीही न भेटणाऱ्या माणसाने कुठेतरी लिहून ठेवलेलं सापडतं, तेव्हा फार बरं वाटतं. आपण एकटे नाही असं वाटतं. आणि आता सरांच्या टेबलाची कड घट्ट धरून मी देवाला विनवत होते, की हे जगात दुसऱ्या कुणालाही वाटलेलं नसू दे.

काही सापडलं नाही. सरांनी मार्क दिले, फोन झाला नाही, कॉलेज सुटलं नाही.

पण वाचताना काही मनात आलं, की आजही आनंदाच्या आधी हे कुणी आधीच लिहून ठेवलेलं नसेल ना, अशी भीती वाटते.