कंपनीनं टाकून दिलेलं लिनक्स

कॉम्प्युटरच्या दुकानात माल कमी आणि किस्से जास्त साठतात. माल आज ना उद्या विकला तरी जातो, किस्से कोण नेणार! नवीन जालन्यात, स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर माझं आणि प्रदीप साळवेचं भागीदारीतलं दुकान होतं. जुने मित्र जमले की आजही कुणीतरी म्हणतंच, "ते लिनक्सचं सांग ना!"

झालं असं, की आम्ही ज्या कंपनीचे पीसी विकायचो, तिनं स्वस्तातल्या मॉडेलवर विंडोजऐवजी लिनक्स टाकून पाठवायला सुरुवात केली. पीसी चालायला दोन्हीतलं एक लागतंच; विंडोज विकत घ्यावी लागते, लिनक्स फुकट. त्यामुळं पीसीची किंमत एकदम खाली आली. गिऱ्हाईक खूष! पण घरी नेऊन चालू केला, की दुसऱ्या दिवशी पीसी रिक्षात घालून परत आमच्या दारात. "हे काढा अन् सगळ्यांकडं असते ती टाका."

सगळ्यांकडं असायची ती कॉपी मारलेली विंडोज. चोरीची, हा शब्द मात्र कुणी काढायचं न्हाई.

माझं म्हणणं, कंपनीनं हे उद्योग करूच नयेत. पीसी रिकामा द्यावा, ज्याला जे पाहिजे ते तो टाकंल. साळवे भडकायचा. "रिकामा दिला की माणूस चोरीचंच भरतो. निदान एक तरी हक्काची चीज आत असू दे की!"

भांडण रोजचं. चहा मात्र एकच, दोघांत अर्धा-अर्धा.

* * *

डाळमिलवाले एक शेठजी तणतणत आले. "हे लिनक्स का काय ते काढा, अन् त्याचे पैसे कमी करा!"

"शेठजी, ते फुकटच आहे. कमी काय करू?" मी विचारलं.

शेठजी थबकले. "म्हणजे ठेवलं तर काही खर्चा न्हाई?"

"बिलकुल न्हाई."

"अन् काढलं तर?"

"काढायची मजुरी लागंल."

शेठजींनी रिक्षावाल्याला हाक मारली, "ए, उचल रे पीसी! फुकटचं काढायला पैसे द्यायला मी काय येडा हाय का?"

* * *

लिनक्सचं चिन्ह पेंग्विन. पीसी चालू केला की आधी तेच दिसायचं. एसटीतून रिटायर झालेले एक कंडक्टर काका मुलीसाठी पीसी घ्यायला आल्ते. मे महिना, बाहेर रस्त्यावरचं डांबर वितळून राह्यलेलं. काकांनी पडद्याकडं निरखून पाह्यलं आणि विचारलं, "हे बर्फातलं पाखरू जालन्याच्या उन्हात टिकंल का?"

साळवे गंभीरपणे म्हणाला, "म्हणून तर आत पंखा दिलाय, काका!"

* * *

विक्री वाढंना म्हणून कंपनीनं औरंगाबादहून एक साहेब पाठवले. टाय-बिय लावून त्यांनी आम्हाला तासभर समजावलं. लिनक्स किती सेफ, किती फास्ट, गिऱ्हाईकाला कसं पटवायचं. साळवे तर इतका खूष, की समोसे मागवले!

समोसा खाता खाता त्यानं साहेबांच्या मांडीवरच्या लॅपटॉपकडं बोट केलं. "ह्याच्यावर कोणतं व्हर्जन आहे, साहेब?"

साहेबांनी लॅपटॉप हळूच मिटला. "हा ना... हा ऑफिसचा आहे हो."

* * *

परतूरला कापसाचे एक दलाल होते, देशमुख. साळवेनं गळ घातली म्हणून त्यांनी लिनक्स ठेवून घेतलं होतं. एकदा तिथल्या मार्केटात व्हायरस आला. फ्लॉप्या इकडून तिकडं फिरायच्याच, त्यामुळं एकेक करून सगळ्यांचे पीसी आडवे. विंडोजचा व्हायरस लिनक्सला लागत न्हाई, म्हणून देशमुखांचा तेवढा चालू!

आता हे पेढे घेऊन येणार, असं आम्हाला वाटलं. आले ते लालबुंद होऊन. "सगळ्यांकडं व्हायरस आला. माझ्याच पीसीत का आला न्हाई? काय डुप्लिकेट माल दिला मला?"

त्या दिवशी माझ्या वाटणीचा चहासुद्धा साळवेलाच पाजला मी.

* * *

भोकरदनच्या शोभाताईंचं बियाण्याचं दुकान होतं. नवरा अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेला, काउंटर ताई सांभाळायच्या आणि कॉम्प्युटर त्यांचा दीर, विलास. कोणत्या बियाण्याच्या किती थैल्या शिल्लक आहेत, हे स्वतःच्याच दुकानात ताईंना दिराला विचारावं लागायचं. तो म्हणायचा, "बघून सांगतो." मंग सांगायचा त्याच्या सवडीनं.

नवा पीसी घेतला, त्यात लिनक्स निघालं. दोघं तो घेऊन आले.

"विंडोज टाकून द्या," विलास म्हणाला. मी सीडी शोधायला लागलो.

साळवेनं विचारलं, "वापरणार कोण?"

"मीच. वहिनी सातवी शिकलेल्या. त्यांना काय कळतंय ह्यातलं!"

शोभाताई पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. साळवेनं माझ्याकडं पाह्यलंसुद्धा न्हाई. खटाखट बटणं दाबली, पीसी बंद करून परत चालू केला आणि पडदा ताईंकडं वळवला. सगळं मराठीत! लिनक्समध्ये तशी सोय होती, पण आमच्याकडं कुणी कधी मागितलीच नव्हती.

ताई पुढं वाकल्या. "धारिका... हे काय वो?"

"फाईल, ताई."

"मंग फाईलच म्हणा की!" त्या हसल्या. पिशवी खाली ठेवून त्यांनी खुर्ची ओढली. साळवेनं माऊस त्यांच्या हातात दिला. पहिल्यांदा तो टेबलाच्या कडेपर्यंत गेला, मंग जागेवर आला आणि 'धारिका'खालची यादी उघडली. एकेका ओळीवर थांबत त्या मोठ्यानं वाचू लागल्या, शाळेत वाचतात तसं. "नवीन. उघडा. साठवा. छापा."

माझ्या हातातली सीडी मी खणात ठेवून दिली.

विलास उठून त्यांच्या खुर्चीमागं आला. "वहिनी, सरका तिकडं. मी बघतो."

ताई हलल्या न्हाईत. यादीतल्या शेवटच्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं.

"भाऊजी, हितं काय लिहिलंय, वाचा बरं."

"काय लिहिलंय?"

पडद्यावरची नजर न काढता शोभाताईंनी सावकाश, एकेक अक्षर सुटं करत वाचलं,

"बाहेर पडा."