आधी खा, मग तोंड वाकडं कर

अप्पा बेंगळुरात चिकपेटेच्या बाजारात कापडाचे गठ्ठे वाहायचे. घरी दोन्ही वेळा रागीचा म्हणजे नाचणीचा गोळा आणि आमटीसारखं पातळ सारू. जेवताना आई ‘कसं झालंय’ असं कधी विचारत नसे. ‘पुरलं का’ एवढंच विचारायची. त्या घरातून मी बी.एस्सी. झाले, आमच्यातली पहिली, आणि पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लोणच्याच्या कारखान्यात तपासनीस म्हणून लागले. तिथे तुळसाक्का भेटल्या.

पन्नाशीच्या, बेंगळुरातल्या जुन्या मराठी घरातल्या. लोणच्याचा प्रत्येक घाणा त्या चाखायच्या आणि ‘सरी’, म्हणजे ठीक, म्हणाल्या की मगच बरण्या भरायच्या. माझी पदवी कळल्यावर म्हणाल्या, “कागद पेटीत ठेव. इथं जीभ काढ.”

दिवाळीत त्यांना ताप आला. परतल्यावर पहिल्याच घाण्याला त्यांनी ‘सरी’ म्हटलं. मी हळूच म्हटलं, “अक्का, मेथी करपलीय.” त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. “मला वासच येत नाही गं. आंबट, खारट, तिखट कळतं, बाकी सगळं पुसलंय. कुणाला सांगू नकोस. या नाकावर नोकरी आहे माझी.”

तेव्हापासून तेल खवट असलं की मी त्यांच्या पायावर हळूच पाय दाबायची.

अक्कांना तर एका जागी बसवेनाच. जेवणाच्या सुट्टीत चमचा घेऊन या डब्यापासून त्या डब्यापर्यंत फिरायच्या. बंगाली फिटरची मोहरीची चटणी दहीभातात कालवायच्या, केरळच्या पोराच्या उकडलेल्या कप्पा कंदावर आमचा ठेचा घालायच्या. “जिभेला काहीतरी लागू दे!” कुणी नाक मुरडलं की ठरलेलं उत्तर, “आधी खा, मग तोंड वाकडं कर.”

मणिपूरची थोइबी मात्र सायकल स्टँडपाशी एकटीच जेवायची. तिच्या डब्यात मिरची घालून आंबवलेला बांबूचा कोंब असे. बायकांनी तक्रार करून तिला तिकडे पाठवलं होतं.

युगादीच्या, म्हणजे पाडव्याच्या, दुसऱ्या दिवशी अक्का तिच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. “इथं का गं बसतेस?”

“अक्का, वास येतो म्हणतात.”

“मला नाही येत. स्वल्प दे.”

माझ्या डब्यातली होळिगे, म्हणजे आमची पुरणपोळी, त्यांनी उचलली, तिच्यावर तो कोंब पसरला, घडी घातली आणि चावली. मग चक्क खाली बसल्या. इतक्या महिन्यांत मी त्यांना जेवताना बसलेलं पाहिलं नव्हतं. “ये, खा,” म्हणाल्या. मी नाक दाबून घास घेतला. गोड पुरण, मधेच कुरकुरीत आंबट, मागून मिरची. “आता नाक सोड.” सोडलं, तर तो उग्र वास गुळात मिसळून पिकल्या फणसासारखा झाला होता. थोइबी खुदकन हसली.

अक्कांनी गूळ, हिरवी मिरची आणि त्या कोंबाचं लोणचं घातलं. मालकांनी बरणीचं झाकण उघडलं आणि वासाने ते मागे सरकले. “हे पास कुणी केलं?”

मी तोंड उघडणार, तोच अक्का म्हणाल्या, “मी. आणि सर, दिवाळीपासून मला वास येत नाही.”

“मग इतके दिवस?”

“नाक हिचं होतं.”

आता दोघींचीही नोकरी जाणार. अक्कांनी चमचा पुढे केला. “आधी खा, सर.”

त्यांनी खाल्लं. मग चमचा परत बरणीत घातला. “आजपासून तुम्ही घाणा पास करायचा नाही,” ते म्हणाले. अक्कांनी मान हलवली आणि हात धुवायला गेल्या. तिथे बराच वेळ नळ चालू होता.

अक्कांना अजूनही वास येत नाही. घाणा मी पास करते. नवीन लोणचं कशात काय घालून करायचं, ते अक्का ठरवतात. थोइबीच्या कोंबाचं लोणचं आमच्याकडे आता दर सोमवारी बनतं.