व्हार्निशवरचा कोलम

शेजारी दाराला व्हार्निश लावतायत. त्या वासाने मी मागच्या शेडमध्ये आलो, आमच्या मोटरबोटीपाशी. सेकंडहँड बोट दुरुस्त करून किनाऱ्याकिनाऱ्याने रामेश्वरला जायचं, असं मी आणि माझी बायको पद्मा, दोघांनी ठरवलं होतं.

एका सकाळी मी डेकला व्हार्निश मारून कॉफी प्यायला गेलो. परतलो तर पद्मा चकाकत्या डेकवर तांदळाच्या पिठाची रांगोळी, तिचा रोजचा कोलम, काढत होती.

"ओलं आहे ते," मी ओरडलो. "खरवडून काढ."

"मला वाटलं, कोलमसाठी तुम्हीच पाणी शिंपडलंत," ती हळूच म्हणाली. "उद्या काढते."

बोट पाण्यात उतरण्याआधीच ती गेली. अंगणातला तिचा कोलम रोज पुसला जायचा, रोज नवा निघायचा. आता अंगण कोरंच असतं. मी खरवडायला सांगितलेला तेवढा राहिलाय.