विषय : लाडू एवं चिवडा

मोठेबाबांच्या नाकाच्या शेंड्यावर दोन गोष्टी कायम तयार असत : राग आणि शिंक. आधी कोणती येईल याचा भरवसा नसे. माझ्या वडिलांचे हे थोरले भाऊ. मध्य प्रदेशात बालाघाटला एका सरकारी कचेरीत बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, होते आणि आम्ही सगळे एकाच घरात राहायचो. माणूस गेला की त्याच्यावरचा रागही जातो म्हणतात. साफ खोटं आहे. मोठेबाबा जाऊन इतकी वर्षं झाली, माझा राग कुठंही गेलेला नाही.

राग आला की इतर लोक भांडतात. मोठेबाबा अर्ज लिहीत. लांजीची बस तीन मिनिटं आधी सुटली, अर्ज. कॅलेंडरात एकादशी भलत्याच चौकोनात छापली, छापणाऱ्याला अर्ज. आतेभावाच्या लग्नपत्रिकेत यांचं नाव एका चुलतभावाच्या खाली आलं, तर सख्ख्या मेव्हण्याला रीतसर अर्ज गेला, तोही रजिस्टर्ड : 'सविनय निवेदन है कि...' घरात दिवसभर मराठी बोलणारा हा माणूस कागदावर रागवायचा तो मात्र हिंदीत. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "मराठीत भांडन होते मनू, अर्जी हिंदीतच द्या लागते. मराठीत देल्ली तर इथं वाचते कोन?"

प्रत्येक अर्जाची कार्बन प्रत फाइलला लागे. घरात येणाऱ्या पत्रांवरही ते निळ्या शाईनं 'आवक' लिहून तारीख टाकत. उत्तर क्वचितच येई, आणि मग त्यांचा खरा संताप सुरू व्हायचा. मुळात कशाबद्दल तक्रार होती ते विसरून जात, पण उत्तर आलं नाही हे विसरत नसत. "नाई म्हना, चुलीत जा म्हना, पन उत्तर द्या! अर्जाले उत्तर नाई देत तो मानूसच नाई," हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की पाढ्यांसारखं पाठ आहे.

मी सातवीत होते तेव्हाची गोष्ट. मलाजखंडच्या खाणीच्या वसाहतीत बाबांचे एक इंजिनियर मित्र राहत. त्यांची दक्षिणेत कुठं तरी बदली झाली आणि त्यांच्या मुलीचे दोन गिनीपिग बाबा माझ्यासाठी खोक्यात घालून बसनं घेऊन आले. गोल, बदामी रंगाचा तो लाडू. काळा-पांढरा-तांबडा, सगळं मिसळलेला तो चिवडा. मोठी आई, म्हणजे मोठेबाबांची बायको, खोक्यात डोकावली आणि कपाळावर हात मारून घेतला. "अगो बाई! लोकं घरातले उंदीर मारून राह्यले, आन आमचे भाऊजी तिकीट काढून आनून राह्यले!"

मोठेबाबाही आधी भडकलेच. "ह्यायले शेपूट काहून नाई?" असं त्यांनी बाबांना अशा आवाजात विचारलं, जणू ती बाबांनीच वाटेत कुठं तरी हरवली होती. तेवढ्यात मोठ्या आईनं कोथिंबिरीची पिशवी उघडली. पिशवीची सळसळ ऐकली मात्र, दोघांनी मागच्या पायांवर उभं राहून असा काही गलका केला, कुईक कुईक कुईक, की शेजारच्या काकू भिंतीवरून पाहायला लागल्या. मोठेबाबांचा चेहरा बघता बघता बदलला. "अरे! अर्जी देऊन राह्यले!" ते म्हणाले. "भूक लागली का सीधी तक्रार. आपल्यातलेच हायेत हे." आणि अर्ज तात्काळ मंजूर करून त्यांनी अर्धी जुडी खोक्यात टाकली.

त्या दिवसापासून दोघांचं खातं मोठेबाबांकडे गेलं. माझे गिनीपिग, पण हुकूम यांचा! मी खोक्यात जुना पेपर अंथरायचे, तर तो त्यांना अपमान वाटला. लांजीकडे आमची थोडी धानाची, म्हणजे भाताची, शेती होती, अर्ध्या वाट्यानं बटईला दिलेली. तिथून ते पोतंभर तणस घेऊन आले. धान झोडून झालं की जो कोरडा पेंढा उरतो, तो. "आपल्या वावरातलं हाय. निजू दे लेकरायले," म्हणाले. रोज सकाळी चहाच्या आधी जुनं तणस काढायचं, नवं हातानं मोकळं करून पसरायचं, हे काम त्यांनी कुणाला करू दिलं नाही.

आणि रोज सकाळी शिंका. एक नाही, दोन नाही, आठ-दहा. डोळे लाल, नाक गळतंय, आणि तोंड सुरूच : "कोनाची हाय ही फोडनी?" शेजारच्या काकूंच्या मिरचीच्या फोडणीवर त्यांनी काकूंच्या नवऱ्याला अर्ज दिला. ते गृहस्थ अस्सल मराठी, भिंतीला भिंत लागून राहणारे, त्यांनी हातात हिंदी अर्ज घेऊन दारात येऊन विचारलं, "भाऊ, आमच्याकडं आज उपास हाय, फोडनी कोनी देल्ली?" मग दोष चुन्याच्या रंगाला गेला, उदबत्तीला गेला, माझ्या पावडरीला गेला. तणसाचं नाव कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. येणार कसं? आमच्या भागात तणस गाई खातात, तणसानं गोठे शाकारतात, थंडीत माणसं त्याच्यावरच निजतात. तणसानं शिंक येते असं म्हणणं म्हणजे लक्ष्मीला शिवी देण्यासारखं.

हिवाळ्यात मी एकदा त्यांच्याबरोबर खळ्यावर गेले होते. तो दिवस सांगितलाच पाहिजे, नाही तर पुढचं कळणार नाही. मळणी चाललेली, सगळीकडे धूळ आणि भुसा, आणि मोठेबाबा तणसाच्या ढिगावर पाय पसरून बसलेले. एकसारखे शिंकत होते आणि एकसारखे हसत होते. चहा थंड आला, तरी काही नाही. बटईदार उशिरा आला, तरी "असू दे गा." जगात मोठेबाबांना राग येत नसे अशी ती एकच जागा होती. परतताना म्हणाले, "मनू, इथं मले कोनाची तक्रार सुचतच नाई पाह्य."

त्यानंतर त्यांचा दम लागणं वाढलं. छातीतून शिटी वाजायची. बाबांच्या आग्रहानं ते एकटेच गोंदियाला डॉक्टरकडे जाऊन आले. संध्याकाळी चप्पल काढता काढता, कुणाकडेही न पाहता म्हणाले, "केसायची अलर्जी हाय म्हनला. जनावराच्या."

बस्स. एवढ्या वाक्यावर निकाल लागला. मी रडले, ओरडले, जेवले नाही. "मी खोकं अंगणात ठेवते, मी सगळं करते, तुम्ही हात लावू नका," म्हटलं. कचेरीतला एक शिपाई रामपायलीचा होता, त्याच्याकडे द्यायचं ठरलं. तो टोपली घेऊन आला. टोपलीत घालताना लाडू-चिवडा असे ओरडले म्हणून सांगू! कोथिंबीर मागतानाचा आवाज वेगळा आणि हा वेगळा. मोठेबाबा पाठ करून ओसरीत पेपर वाचत होते. पेपर उलटा नव्हता, पण अर्ध्या तासात त्यांनी एक पान उलटलं नाही.

पंधरा दिवसांनी शिपाई मान खाली घालून सांगायला आला. मांजरानं रात्रीतून दोघांनाही संपवलं होतं. पण हे मला दोन महिने कुणी सांगितलं नाही. मी रोज त्यांची वाट पाहत होते! आणि या माणसाच्या घरात वाढलेली मी, मला एकच रस्ता ठाऊक होता. वहीचं पान फाडून हिंदीत अर्ज लिहिला. 'विषय : लाडू एवं चिवडा को वापस लाने बाबत. सविनय निवेदन है कि उक्त दोनों प्राणियों ने किसी का कुछ नहीं बिगाड़ा है.' मोठेबाबांनी तो दोन्ही हातांनी घेतला, चष्मा लावून वाचला, निळ्या शाईनं 'आवक' लिहून तारीख टाकली आणि म्हणाले, "विचाराधीन ठेवतो." माझ्या अर्जाला त्यांनी उत्तर दिलं नाही. मोठेबाबांनी!

पुढच्या हिवाळ्यात ते नेहमीप्रमाणे खळ्यावर गेले आणि लाल डोळे, वाजती छाती घेऊन परत आले. आता घरात ना लाडू ना चिवडा. मी सगळ्यांसमोर विचारलं, "आता कोणाचे केस आहेत?" मोठेबाबांनी नाक पुसलं. मोठी आई म्हणाली, "थंडीनं होते बाई," आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. असं मग दर वर्षी व्हायला लागलं, आणि दर वर्षी थंडीवर गेलं.

दहा वर्षं गेली. एका हिवाळ्यात त्यांना खळ्यावरून उचलूनच आणावं लागलं. मी तेव्हा कॉलेज संपवलं होतं. त्यांना गोंदियाला मीच घेऊन गेले. आता तिथं नवीन, तरुण डॉक्टर होते. त्यांनी जुने कागद आहेत का विचारलं. कागद नाही असं मोठेबाबांच्या बाबतीत कधी झालंय? फाइल बरोबर होतीच, आणि त्यात जुन्या डॉक्टरांची पहिल्या भेटीची चिठ्ठीही होती. दुसरा कुणी असता तर फाडून टाकली असती. या माणसाला कागद फाडता येत नसे, म्हणून तो सापडला.

डॉक्टरांनी वाचलं आणि मान वर केली. "बाबा, हे दहा वर्षांपूर्वीच लिहून दिलंय. तणस आणि धानाचा भुसा, यांच्या जवळ जायचं नाही. खळ्यावर तर अजिबात नाही."

"आणि जनावरांचे केस?" मी विचारलं.

"त्याचं काही नाही. इथं लिहिलंय ना, जनावरं पाळायला हरकत नाही, फक्त खाली तणस घालू नका."

फक्त खाली तणस घालू नका! माझा जुना पेपर चालला असता! परतीच्या बसमध्ये मी तोंड सोडलं. लोकलाज, वय, त्यांचा दम, काही पाहिलं नाही. "चोर सोडून संन्याशाला सुळी दिलीत तुम्ही! तेही ठाऊक असून!" सगळी बस ऐकत होती. मोठेबाबा खिडकीतून कापलेल्या धानाची शेतं पाहत बसले होते.

चौथ्या दिवशी पोस्टमन माझ्या नावाचं रजिस्टर्ड घेऊन आला, पोचपावतीसह. पाठवणाऱ्याचा पत्ता आमचाच. घेणाऱ्याचा पत्ताही आमचाच. पाठवणारा ओसरीत खुर्चीवर बसून आंब्याच्या झाडाकडे पाहत होता. पोस्टमन एकदा त्यांच्याकडे पाही, एकदा माझ्याकडे. मी सही केली. आत जाऊन पाकीट फोडलं. मोठेबाबांनी आयुष्यात मराठीत लिहिलेला हा एकच अर्ज.

'प्रति, कु. मनीषा. संदर्भ : आपला अर्ज, लाडू व चिवडा यांच्याबाबत. उत्तरास दहा वर्षे विलंब झाला. कारण पुढीलप्रमाणे. तणसाजवळ जायचे नाही म्हणजे खळ्यावर जायचे नाही, हे माझ्याने घरात सांगवले नाही. शेतकऱ्याच्या पोराला तणस सोसत नाही हे कोणत्या तोंडाने सांगू? दोष कोणावर तरी टाकायचा होता. मुके प्राणी अर्ज देणार नाहीत असे वाटले. ते माझे चुकले. टोपलीत घालताना त्यांनी दिला होता. मी ऐकला आणि पेपर वाचत राहिलो. तरी क्षमा करावी ही विनंती. उत्तराची वाट पाहत आहे.'

वाचून मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला. इतकं स्वच्छ कळत होतं, तर दहा वर्षं तोंडाला कुलूप काय म्हणून? मी लाल पेन्सिल घेतली, वर 'विचाराधीन' लिहिलं आणि कागद बॅगेत टाकला. म्हटलं, माझा दहा वर्षं पडला होता, यांचा दहा दिवस पडू दे. कळू दे जरा कसं वाटतं ते.

पुढच्याच सोमवारी मला नोकरीसाठी नागपूरला निघायचं होतं. मी पाया पडले तेव्हा मोठेबाबांनी हळूच विचारलं, "पोचपावती भेटली मले. उत्तर?"

"विचाराधीन आहे," मी म्हटलं.

ते हसले. अगदी खळ्यावर हसायचे तसे. "हौ. बराबर हाय," म्हणाले. मी पायरी उतरले आणि मागून त्यांची शिंक आली, एकच. मोठी आई आतून ओरडली, "निघता निघता शिंकले तुह्ये मोठेबाबा! थांब मनू, घोटभर पानी पी, मंग जाय." मला बस गाठायची होती आणि माझा रागही उतरला नव्हता. "त्यांच्या शिंकांना थांबत बसले तर जन्मभर इथंच राहीन," असं म्हणून मी फाटक लावलं.

दहा दिवस कधीच उलटले, माझं उत्तर गेलंच नाही. फाल्गुनात ते गेले. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. मोठ्या आईनं सांगितलं की शेवटचे आठ-पंधरा दिवस पोस्टमनची सायकल वाजली की ते उठून बसायचे. "कोनतं उत्तर यायचं होतं का बाई त्याईले?" तिनं मला विचारलं. मी माहीत नाही म्हणाले.

तो कागद माझ्याकडे आहे. घोटभर पाणी प्यायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात उत्तर सांगून झालं असतं. अर्जाले उत्तर नाई देत तो मानूसच नाई, असं मोठेबाबा म्हणायचे.